बेटावरचं मैलापाणी आणि योजनेचं दहावं वर्ष

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला चुनखडकाच्या लहान लहान बेटांची एक लांबलचक रांग आहे, फ्लोरिडा कीज. त्यातल्या की लार्गो बेटावर नव्वदच्या दशकात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला अपाय न करणारे, केवळ माग काढण्यासाठी वापरले जाणारे विषाणू त्यांनी सेप्टिक टँक असलेल्या घराच्या संडासात ओतले आणि फ्लश केला. ११ तासांत ते विषाणू जवळच्या कालव्यात सापडले, २३ तासांत किनाऱ्यालगतच्या समुद्रात. हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. घरमालकाच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं: टाकी होती, दुर्गंधी नव्हती, तुंबत काही नव्हतं. फक्त सकाळी संडासातून गेलेलं दुसऱ्या दिवशी पोहणाऱ्यांच्या पाण्यात पोचत होतं.

छोट्या बेटांच्या सांडपाण्याची चर्चा निघाली की ती बघता बघता यंत्रांवर येते. कुणी म्हणतं मेम्ब्रेनचा, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारा, प्रकल्प बसवा, कुणी म्हणतं वनस्पतींचे वाफे करा, कुणी म्हणतं लांब नळ टाकून समुद्रात सोडा आणि मोकळे व्हा. प्रत्येकाकडे एखादं यशस्वी उदाहरण असतंच. मला हा वाद दुय्यम वाटतो. एकेका तंत्राचे गुणदोष गेली कित्येक दशकं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि बेटांवरच्या योजना तंत्र चुकीचं निवडल्यामुळे क्वचितच बुडतात. त्या बुडतात त्या सातव्या-आठव्या वर्षी, पंपाचा सुटा भाग न आल्यामुळे, चालवणारा माणूस नोकरी सोडून गेल्यामुळे, किंवा गाळ उपसायला कुणी नसल्यामुळे. म्हणून माझं म्हणणं असं आहे: योजना मंजूर करण्याआधी ती दहाव्या वर्षी कोण चालवणार आणि कशाच्या पैशांवर, हे लेखी ठरवावं. ते ठरत नसेल तर ती योजना, कितीही आधुनिक असली तरी, नाकारावी. शिवाय घरोघरच्या टाक्या ही घरमालकाची खासगी बाब आहे हा समज सोडून द्यावा. हे दुसरं म्हणणं पहिल्याहून जास्त लोकांना खटकतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी जमिनीखाली काय चालतं ते पाहू. सेप्टिक टँकबद्दल आपला एक गोड गैरसमज असतो की टाकी मैला 'साफ' करते. टाकीत होतं एवढंच: जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते आणि मधलं गढूळ पाणी पुढे जातं. तळच्या गाळाचा काही भाग जिवाणू पचवतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात, आणि नत्र तर बहुतेक सगळंच्या सगळं असतं. खरं शुद्धीकरण त्यापुढे, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषचराखालच्या कोरड्या, हवेशीर मातीत होतं. दोन-तीन फूट चांगली माती मिळाली तर जंतू तिथे अडकतात, मरतात. मोठ्या भूभागावर ही पद्धत चालते ती त्या मातीच्या जिवावर.

प्रवाळबेटावर तीच तर नसते. तिथे भरड वाळू असते किंवा भेगाळलेला चुनखडक असतो, आणि पाणी पाच-सहा फुटांवर लागतं. उधाणाच्या भरतीला ते आणखी वर येतं. हे पाणी म्हणजे पावसाचं मुरलेलं गोडं पाणी. ते खालच्या खाऱ्या पाण्याहून हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं, मध्ये जाड आणि कडांना पातळ अशा भिंगाच्या आकारात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं, असा ढोबळ नियम आहे. सखल प्रवाळबेटावर ती पातळी एखाद्या मीटरचा काही अंशच असते. म्हणजे सगळ्या वस्तीचं पिण्याचं पाणी काही मीटर जाडीच्या एका थरात, आणि त्याच थरात प्रत्येक घराचा शोषखड्डा. विहीर आणि संडास यांच्यात अमुक इतकं अंतर ठेवा असा नियम काढायला काहीच हरकत नाही, पण अरुंद बेटावर दाटीने घरं असली की माझ्या विहिरीपासून लांब खोदलेला माझा खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीला खेटतो.

जंतूंसाठी पाणी उकळता येतं. नायट्रेटचं तसं नाही. मैल्यातला अमोनिया वाळूतल्या हवेत नायट्रेट बनतो आणि पाण्याबरोबर जिथे जाईल तिथे जातो; उकळलं तर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती मुख्यतः बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. ज्या बेटांनी पिण्याचं पाणी जमिनीतून घेणं सोडलं त्यांचा हा प्रश्न सुटतो. बर्म्युडात घराच्या छपरावर पावसाचं पाणी धरून टाकीत साठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण तिथेही खड्ड्यांतलं पाणी जायचं तिथे जातंच, आणि बेटाच्या कडेला प्रवाळ उभा असतो.

प्रवाळ जगतो तो जवळजवळ निर्जीव वाटावं इतक्या नितळ, पोषणद्रव्यांची वानवा असलेल्या पाण्यात. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) मिसळलं की त्याच्याऐवजी शेवाळ फोफावतं. रोगांचीही गोष्ट आहे. कॅरिबियनमधल्या एल्कहॉर्न प्रवाळावर 'व्हाइट पॉक्स' नावाचा रोग पसरला, त्यामागे सेराशिया मार्सेसन्स हा जिवाणू आहे हे २००२ मध्ये कळलं. २०११ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की माणसाच्या मैलापाण्यातून आलेला याच जिवाणूचा वाण प्रवाळाला तो रोग देतो. रोग प्राण्यांकडून माणसाकडे येतात हे आपण ऐकत आलो आहोत. इथे उलटी गंगा आहे. आणि हा प्रवाळ केवळ पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी नसतो. लाटा तोच अडवतो, मासे तिथेच वाढतात, आणि प्रवाळबेटाची वाळूसुद्धा त्याच्याच झिजेतून येते.

आता समुद्रात सोडण्याचा मुद्दा. पर्यावरणाबद्दल कळकळ असलेली माणसं हा पर्याय ऐकताच कानांवर हात ठेवतात. मला तो सरसकट त्याज्य वाटत नाही. हवाईत ओआहू बेटावर कानेओहे नावाचा उथळ उपसागर आहे. अनेक वर्षं त्यात मैलापाणी सोडलं जात होतं आणि हिरव्या शेवाळाने तिथला प्रवाळ गुदमरत चालला होता. १९७७-७८ मध्ये ते पाणी तिथून काढून खोल, उघड्या समुद्राकडे वळवलं. त्यानंतर काही वर्षांत शेवाळ ओसरलं आणि प्रवाळ पुन्हा वाढू लागला. मैलापाणी तेच, समुद्रही तोच, फरक जागेचा. ज्या बेटाची कड प्रवाळाच्या पलीकडे एकदम खोल उतरते, जिथे प्रवाह बाहेरच्या दिशेला ओढतो, तिथे निदान गाळ आणि वरचा तरंगणारा मळ काढून घेतलेलं पाणी खोलवर सोडणं हे वाळूत भोक पाडून ते विहिरीकडे पाठवण्यापेक्षा कितीतरी बरं.

अट एकच, नळ शाबूत राहिला पाहिजे. दक्षिण तारावाची कथा इथे सांगण्यासारखी आहे. किरिबाटीच्या या राजधानीच्या बेटावर १९७७ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बेटियो, बैरिकी आणि बिकेनिबेउ या तीन दाट वस्त्यांमध्ये मलवाहिन्या आल्या. गोडं पाणी वाचावं म्हणून फ्लशला समुद्राचं पाणी, आणि शेवटी सगळं नळाने समुद्रात. कागदावर त्या काळच्या मानाने उत्तम योजना होती आणि आजही तिच्यातला विचार मला चुकीचा वाटत नाही. पण खाऱ्या पाण्याने पंप खाल्ले, संडासांच्या टाक्यांना फ्लशचं पाणी पोचेनासं झालं, समुद्रातल्या नळांची मोडतोड झाली. खोल जायचं ते पाणी उथळातच सुटू लागलं. संडास बंद पडल्यावर माणसं किनाऱ्यावर जाऊ लागली, त्यांना दोष कसा देणार? पुढे आशियाई विकास बँक आणि इतर देणगीदारांच्या पैशांतून ही व्यवस्था पुन्हा दुरुस्त करावी लागली. देखभालीसाठी दरवर्षी लागणारी रक्कम कुठल्याच समारंभात दाखवता येत नाही, नव्याने बांधलेलं पंपघर दाखवता येतं. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही पुन्हा बांधणं सोयीचं पडतं, यातली मेख तिथे आहे.

समुद्राच्या पाण्याचा फ्लश ही कल्पना टाकाऊ नाही हेही नमूद करायला हवं. हाँगकाँग १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते करत आलं आहे आणि आज तिथल्या बहुसंख्य लोकांच्या घरी संडासात खारं पाणीच येतं. पण हाँगकाँगकडे ते सांभाळणारं खातं आहे, अभियंते आहेत, पाइप बदलायला पैसा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या कॅटलिना बेटावर, ॲव्हलॉन गावातही खारं पाणीच वापरतात. तिथे जुन्या मलवाहिन्या गळून मैलापाणी जमिनीखालून पोहण्याच्या किनाऱ्यावर येत होतं. श्रीमंत राज्यातलं गाव, पण गाव छोटं. म्हणजे छोटेपणाच इथे आडवा येतो, गरिबी त्यात भर घालते.

हा छोटेपणा सर्वात जास्त कुठे दिसत असेल तर पॅकेज प्रकल्पात. कंपन्या बेटांना जे विकतात ते मुख्यतः हेच: कंटेनरएवढ्या पेटीत बसवलेलं शहरी तंत्र. बोटीने आणा, चौथऱ्यावर ठेवा, वीज जोडा. पत्रकात लिहिलेलं पाण्याचं दर्जामान खोटं नसतं, कारखान्यात तपासलं तर तेवढं येतं. पण आत काम करणारे जिवाणू आहेत आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. एखाद्या रात्री ती हवा भरणारा ब्लोअर बंद पडला असं समजा. पहिला तासभर काही कळत नाही. सकाळपर्यंत टाकीतलं चॉकलेटी पाणी काळपट होऊ लागतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. दोन-तीन दिवस असंच गेलं तर प्राणवायूवर जगणारी वसाहत मोडते. वीज आल्यावर बटण दाबलं की प्रकल्प 'सुरू' होतो हे खरं, पण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची फळी पुन्हा उभी राहायला काही आठवडे जातात. असा प्रकल्प म्हणजे दुभती म्हैस. सणवार असो की वादळ, वैरणपाणी चुकवून चालत नाही.

आणि लक्ष ठेवायला फार मोठी प्रयोगशाळा लागते असंही नाही. एक लिटरचं काचेचं मोजपात्र घ्यायचं, हवा भरल्या जाणाऱ्या टाकीतलं पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास ते न हलवता ठेवायचं. गाळ खाली बसत जातो, वर नितळ पाणी उरतं. गाळाची पातळी दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या आसपास थांबली, वरचं पाणी स्वच्छ दिसलं, की प्रकल्प बरा चालला आहे. गाळ बसतच नसेल, किंवा बसून पुन्हा वर तरंगत असेल, तर काहीतरी बिघडलं आहे. जाणता माणूस त्यावरून हवा वाढवायची की गाळ काढायचा हे ठरवतो. खर्च एका मोजपात्राचा. पण ते रोज भरणारा माणूस हवा, तो आजारी पडला तर दुसरा हवा, आणि दोघांनाही 'गाळ वर आला तर काय करायचं' हे शिकवणारं कुणीतरी हवं. तीनशे-चारशे वस्तीच्या बेटावर असा एक हुशार तरुण तयार होतो, आणि हुशार असल्यामुळेच वर्ष-दोन वर्षांत मोठ्या शहरात नोकरी धरतो. यात त्याची चूक काहीच नाही. चूक आहे ती एकाच माणसावर उभ्या केलेल्या योजनेची.

विजेचंही गणित आहे. मोठ्या शहरी प्रकल्पाला घनमीटर पाण्यामागे साधारण अर्धं युनिट वीज लागते. लहान पेटीला त्याच्या कित्येक पट लागू शकते. बेटावरची वीज बहुधा डिझेलवरची, ते डिझेल बोटीने येणारं. बिलं थकली की पहिल्यांदा बंद होतो तो ब्लोअर, कारण तो बंद झाल्याचं ग्राहकाला कळत नाही. दिवे गेले तर ओरड होते. पर्यटकांचं बेट असेल तर आणखी एक भानगड. हंगामात वस्ती चौपट आणि हंगाम संपला की प्रकल्प उपाशी. जिवाणूंना सुट्टी देता येत नाही आणि ओव्हरटाइमही सांगता येत नाही.

मग करायचं काय? सगळ्या बेटांना एकच उत्तर नसतं एवढं सांगून सुटता येणार नाही, म्हणून माझा कल स्पष्ट सांगतो. हलणारे भाग जितके कमी तितकं चांगलं. जिथे नळाचं पाणीच पुरेसं नाही तिथे पाण्याचा संडास आणूच नये. दाट वस्ती, उथळ भूजल आणि थोडाफार पैसा असेल तिथे घराजवळ पक्की टाकी ठेवावी, गाळ तिथेच अडवावा आणि फक्त वरचं पाणी लहान व्यासाच्या नळीने बाहेर न्यावं. अशा नळीत घन मैला नसल्याने ती उथळ खोदाईत आणि कमी उतारावर चालते. शेवटी वनस्पतींचा वाफा: खडी-वाळूचा भराव, त्यात लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पती, तळाला अस्तर. उष्ण हवेत उभ्या झिरपणीच्या वाफ्याला माणशी एक-दोन चौरस मीटर जागा लागते. आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला त्याहून जास्त. जागा हा बेटावर दुखरा विषय आहे, मान्य. पण वाफा आठवडाभर दुर्लक्षिला तर रुसत नाही. फार दाट वस्ती असेल आणि वीज भरवशाची असेल तर निर्वात मलवाहिनीचाही, म्हणजे नळातली हवा ओढून मैलापाणी खेचून नेणाऱ्या वाहिनीचाही, विचार करावा. फ्लोरिडा कीजमध्ये ती वापरली गेली आहे, कारण गुरुत्वाने वाहणाऱ्या नळासाठी तिथे खोल खणलं की पाणीच लागतं.

कोरड्या संडासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याच्या बाजूने बोलणारेही भाबडे आणि विरोधातले तर नाक मुरडणारे. आकड्यांत बघितलं तर त्याची बाजू भक्कम आहे. घरातून बाहेर पडणाऱ्या एकूण सांडपाण्यात मूत्राचा वाटा सुमारे १ टक्का, पण नत्राचा सुमारे ८० टक्के आणि स्फुरदाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग त्यातच असतो. एवढीशी गोष्ट पाण्यात मिसळू दिली नाही तर विहीर आणि प्रवाळ दोन्हींवरचं ओझं एका झटक्यात उतरतं. दोन कप्प्यांचा संडास बांधायचा, एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा. उष्ण प्रदेशात बंद कप्पा वर्षाहून जास्त काळ न छेडता ठेवला की आतलं बहुतांशी निर्धोक होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे कालावधी तापमानानुसार दिलेले आहेत. जंतांची अंडी सर्वात चिवट, म्हणून घाई चालत नाही.

तुवालूत २०११ मध्ये भीषण दुष्काळ पडला, आणीबाणी जाहीर झाली. राजधानी फुनाफुतीत त्या सुमारास कंपोस्ट संडास काही घरांत पोचले होते, आणि पाण्याचा थेंब न लागणारा संडास म्हणजे काय हे त्या वेळी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तरीही मी तो कुणावर लादायच्या विरोधात आहे. कप्पा रिकामा करण्याचं काम घरात नेमकं कुणाच्या वाट्याला येतं हे विचारून बघा. बहुतेक वेळा ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या. म्हातारी माणसं, पाहुणे, भाडेकरू, पाण्यानेच स्वच्छता करणारी कुटुंबं, यांच्यासाठी रचना बदलावी लागते. उपसण्याचं काम पगारी माणसांनी, हातमोजे आणि गाडीसह केलं, तर विरोध निम्म्याने कमी होईल असं मला वाटतं. लोकांना कोरडा संडास नको असतो असं नाही. मैला आपल्या हाताने काढावा लागणार, हे त्यांना नको असतं.

इथून मी माझ्या दुसऱ्या म्हणण्याकडे येतो. नळाचं पाणी, रस्ता, वीज यांची जबाबदारी सार्वजनिक; सेप्टिक टँक मात्र ज्याचा त्याचा. ही वाटणी मोठ्या भूभागावर खपून जाते. बेटावर ती अन्याय्य आहे, कारण तिथे माझ्या टाकीची गळती तुझ्या विहिरीत आणि सगळ्यांच्या मासेमारीत जाते. तरी आपण टाकी उपसायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर सोडतो. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. न उपसलेली टाकी तुंबत नाही, हीच अडचण. गाळ भरत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि मैला जसाच्या तसा पुढे वाहतो. मालकाला दहा वर्षं काहीही कळत नाही. दिसत नाही त्या कामासाठी कुणी आपणहून पैसे काढत नाही, आणि मीसुद्धा काढले नसते.

हवाईने यातला एक मार्ग करून पाहिला आहे. तिथे ८० हजारांहून जास्त कच्चे शोषखड्डे आहेत आणि त्यांतून रोज सुमारे ५.३ कोटी गॅलन अशुद्ध मैलापाणी जमिनीत जातं. २०१६ मध्ये नव्या खड्ड्यांवर बंदी आली, २०१७ मध्ये कायदा झाला की जवळजवळ सगळे जुने खड्डे २०५० पर्यंत बदलायचे. तारीख ठरली हे चांगलंच. पण एका घराचा खर्च हजारो डॉलरांत जातो आणि त्याचा मोठा भार मालकावर आहे. ज्याला परवडतं तो आधी बदलेल, ज्याला परवडत नाही तो २०४९ पर्यंत थांबेल किंवा घर विकेल. मला यापेक्षा सरळ वाट दिसते: टाक्या बेटाच्या स्थानिक संस्थेच्या ताब्यात द्याव्यात. जमीन मालकाची, टाकी संस्थेची. दर घराला महिन्याला ठरावीक शुल्क, आणि त्यात ठरलेल्या वर्षी उपसा, झाकणाची तपासणी, गळती असल्यास दुरुस्ती. 'आमच्या अंगणात सरकारी माणूस कशाला' हा आक्षेप येईल. वीजमीटर वाचायला येतोच की. शुल्क न भरणाऱ्याची टाकी उपसायची नाही असं मात्र करता येणार नाही, कारण शिक्षा शेजाऱ्याला होईल. वसुली पाणीपट्टीबरोबर किंवा वीजबिलाबरोबर जोडावी लागेल. हे सगळं कटकटीचं आहे. पंप बसवण्याइतकं चकचकीत तर मुळीच नाही.

हॉटेलांना वेगळा न्याय हवा. फिलिपिन्समधलं बोराकाय हे सुमारे १० चौरस किलोमीटरचं बेट. २०१७ मध्ये तिथे वीस लाख पर्यटक गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने ते बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंदच केलं, कारण अनेक हॉटेलं आणि दुकानं मलवाहिनीला न जोडताच मैलापाणी सोडत होती. मलवाहिनी तिथे होती, हा त्यातला गमतीचा भाग. जोडणी तपासणारं कुणी नव्हतं, किंवा होतं आणि तपासत नव्हतं. बंदीचा फटका हॉटेलमालकांना बसलाच, पण रोजंदारीवरच्या हजारो माणसांना अधिक बसला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून उतरताना थोडं शुल्क घेऊन ते थेट मैलापाण्याच्या खात्यात जमा करणं, आणि जोडणीचा दाखला नसलेल्या हॉटेलला परवानाच न देणं, हे सहा महिने सगळं बंद ठेवण्यापेक्षा नक्कीच कमी क्रूर आहे.

माझ्या भूमिकेवर सर्वात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तो असा की दहाव्या वर्षाची हमी मागत बसलात तर गरीब बेटांना काहीच मिळणार नाही. देणगीदार बांधकामाला पैसे देतात, पगाराला देत नाहीत. निदान बांधकाम तरी पदरात पाडून घ्यावं. मला हा आक्षेप समजतो. पण बंद पडलेली योजना शून्यावर थांबत नाही. तिने लोकांना पाण्याच्या संडासाची सवय लावलेली असते, जुनी व्यवस्था मोडलेली असते आणि 'असलं काही इथे चालत नाही' हा धडा मागे ठेवलेला असतो. पुढच्या चांगल्या योजनेलाही मग लोक दाद देत नाहीत. त्यापेक्षा निम्म्या पैशांत बांधावं आणि उरलेली रक्कम देखभालीच्या निधीत गुंतवावी, भले पहिल्या टप्प्यात अर्धीच घरं येवोत. देणगीदारांचे नियम याला आडवे येतात हे खरं, पण नियम त्यांचेच आहेत, बदलायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आसपासच्या दहा-वीस बेटांनी मिळून एक फिरतं पथक ठेवावं: दोन तंत्रज्ञ, गाळ उपसायचा पंप, सुट्या भागांचा साठा आणि एक बोट. एका बेटाला न परवडणारा माणूस वीस बेटांना परवडतो, आणि एक नोकरी सोडून गेला तरी दुसरा असतो.

उपसलेल्या गाळाचं काय, हा प्रश्न बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर, एका ओळीत असतो. माणशी वर्षाला तीसचाळीस लिटर गाळ टाकीत साचतो. हजार वस्तीच्या बेटावर ते वर्षाला तीसचाळीस हजार लिटर झाले. ते रात्री बोटीतून प्रवाळाबाहेर ओतले जाणार की अस्तर घातलेल्या वाफ्यांत वाळून वर्षा-दोन वर्षांनी झाडांना जाणार, हे जागेवर ठरतं. ती जागा विहिरींपासून दूर, भरतीच्या रेषेच्या वर आणि कुणाच्या तरी जमिनीत असणार, म्हणजे भांडण होणार. ते भांडण बांधकामाआधी झालेलं बरं. नकाशावर गाळ वाळवायची जागा दाखवलेली नसेल तर बेटाच्या लोकांनी तो आराखडा सहीशिवाय परत पाठवावा.